केळी व्यापाऱ्याच्या कचेरीतील चॅट : पायथनच्या ‘वेबसॉकेट्स’ लायब्ररीचे परीक्षण

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चॅटसारखे थेट संवादाचे छोटे अ‍ॅप्लिकेशन उभे करायचे म्हटले की ज्या मोजक्या लायब्ररींची (तयार कोडच्या संचांची) नावे पुढे येतात, त्यांत ‘वेबसॉकेट्स’ हे नाव हमखास असते. रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याच्या कचेरीसाठी या लायब्ररीवर अंतर्गत चॅट उभारले आणि ऐन कापणीच्या हंगामात ते रोजच्या वापरात राहिले. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. मत आधीच नोंदवतो. जोडणी सांभाळण्याचे काम ही लायब्ररी चोख करते, मात्र चॅट तयार करून देत नाही. ही विभागणी ज्याला मान्य असेल त्याने ती निःशंकपणे वापरावी. ज्याला सगळे आयते हवे असेल त्याच्यासाठी दुसरे पर्याय आहेत आणि त्यांचा उल्लेख पुढे केला आहे.

प्रथम गरज काय होती ते सांगणे आवश्यक आहे, कारण लायब्ररीचे गुणदोष गरजेवरच ठरतात. रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात नवतीचा (नव्या लागवडीच्या मालाचा) भाव वेगळा, पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाचा) वेगळा आणि वापसीच्या, म्हणजे हलक्या प्रतीच्या, मालाचा त्याहून खालचा असतो, शिवाय कापणीची माणसे बागेत उतरल्यावर घडांची प्रत पाहून पुन्हा घासाघीस होते ती निराळीच. बागेतला माणूस, काट्यावरचा मापाडी, पॅकिंग हाऊसचा सुपरवायझर आणि कचेरीतले दिवाणजी यांच्यात दिवसभर निरोपांची ये-जा चालू असते. हे काम मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये होत नाही असे मुळीच नाही. परंतु मालकांच्या दोन अटी होत्या. पहिली अट अशी की निरोप आणि वजने कचेरीच्या संगणकावर, तारीखवार, शोधता येतील अशी राहावीत. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाच्या फोनबरोबर ती जाऊ नयेत. दुसरी अट अशी की काटा, पॅकिंग हाऊस आणि कचेरी एकाच आवारात असल्यामुळे बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी आवारातल्या आवारात निरोप पोहोचलाच पाहिजे. राउटर इन्व्हर्टरवर असला की स्थानिक नेटवर्क चालू राहते, मग निरोपासाठी बाहेरच्या जगाची गरजच काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्या एका प्रश्नानेच स्वतःच्या सर्व्हरचा निर्णय पक्का झाला.

नेहमीच्या एचटीटीपी व्यवहारात विचारणा ब्राउझर करतो आणि सर्व्हर तिला उत्तर देतो. सर्व्हरकडे नवी बातमी असली तरी त्याला आपणहून तोंड उघडता येत नाही. त्यामुळे पूर्वी ब्राउझर दर काही सेकंदांनी ‘काही नवीन आहे का’ असे विचारत राहत असे आणि प्रत्येक विचारणेबरोबर हेडरचे (मजकुराआधी जाणाऱ्या तांत्रिक माहितीचे) ओझे ये-जा करीत असे. वेबसॉकेट प्रोटोकॉलने ही अडचण दूर केली. तो डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या क्रमांकाने प्रमाणित झाला आणि आजचे सर्व प्रचलित ब्राउझर तो जाणतात. सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीनेच होते. तिच्यात ‘आपण आता वेबसॉकेटवर जाऊ’ असा प्रस्ताव आणि १६ यादृच्छिक बाइटांपासून बनवलेली एक किल्ली असते. सर्व्हर त्या किल्लीला प्रमाणकात ठरवून दिलेली एक स्थिर ओळ जोडतो, त्या जोडणीचा शा-१ पद्धतीने सारांश काढतो आणि तो १०१ या स्थितिक्रमांकासह परत पाठवतो. एवढी देवाणघेवाण झाली की तीच टीसीपी जोडणी दोन्ही बाजूंना खुली राहते आणि कोणीही केव्हाही बोलू शकतो.

यात किती बचत होते हे एका निरोपावरून पाहता येते. ‘नमस्कार’ हा शब्द युनिकोडमध्ये सात चिन्हांचा आहे. हलन्त आणि काना ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून शब्द २१ बाइटांचा होतो. ब्राउझरकडून सर्व्हरकडे जाताना त्याला दोन बाइटांचे शीर्ष आणि चार बाइटांचा मुखवटा (मजकूर झाकणारी किल्ली) लागतो, म्हणजे कॉम्प्रेशन बंद असेल तर सगळे मिळून २७ बाइट. सर्व्हरकडून इतरांकडे जाताना मुखवटा नसतो, त्यामुळे तोच निरोप २३ बाइटांत जातो. जुन्या पद्धतीत नुसत्या एका रिकाम्या विचारणेच्या हेडरलाच शेकडो बाइट लागत असत.

आता लायब्ररीकडे वळू. फ्रान्सचे एमरिक ऑगस्टँ यांनी ती २०१३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली आणि आजही तिचे मुख्य शिल्पकार तेच आहेत. परवाना बीएसडी प्रकारचा असल्यामुळे व्यापारी कामासाठी वापरतानाही एक पैसा मोजावा लागत नाही. ती पिप या पायथनच्या साधनाच्या एका आज्ञेने बसते आणि तिच्या मागे दुसऱ्या लायब्ररींचे लटांबर येत नाही, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली तरी कचेरीतल्या संगणकावर काम करणाऱ्याला तिचे मोल कळते. मात्र एक अट तपासून घ्यावी. लायब्ररीच्या १४व्या आणि १५व्या आवृत्त्यांना पायथन ३.९ किंवा त्यापुढचा लागतो आणि पायथन ३.९ विंडोज ७ वर बसत नाही. खान्देशातल्या अनेक अडत दुकानांत आणि दालमिलच्या कचेऱ्यांत विंडोज ७ चे संगणक अजूनही हिशेबाला लावलेले दिसतात. असा संगणक सर्व्हर म्हणून चालणार नाही. पण त्यावरचा ब्राउझर उघडून चॅटमध्ये भाग घेण्यास काहीच हरकत नाही. म्हणजे नवा संगणक एकच लागतो, आणि तोही फार ताकदीचा असण्याची गरज नाही.

चॅटच्या सर्व्हरचा गाभा आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. जोडलेल्या सर्वांचा एक संच ठेवायचा. नवी जोडणी आली की लायब्ररी आपण लिहिलेले हाताळणी-फंक्शन तिच्यासाठी स्वतंत्रपणे चालवते. त्या फंक्शनमध्ये जोडणी संचात घालायची, येणारे निरोप असिंक (वाट पाहताना इतर कामे चालू देणाऱ्या) फॉर लूपने एकामागून एक घ्यायचे, प्रत्येक निरोप ब्रॉडकास्ट फंक्शनने सर्वांना वाटायचा, आणि शेवटी फायनली विभागात ती जोडणी संचातून काढायची. या शेवटच्या पायरीला फाटा देऊ नये. माणूस ब्राउझर बंद करून गेला, बॅटरी संपली किंवा फोन शेतातल्या चारीत पडला, तरी फायनली विभाग चालतोच आणि ‘कोण हजर आहे’ ही यादी खरी राहते. एवढे सगळे वीस-पंचवीस ओळींत बसते. त्यातली प्रत्येक ओळ वाचून समजते, हा या लायब्ररीचा पहिला गुण. चौकटी आखलेल्या मोठ्या फ्रेमवर्कमध्ये कोणती गोष्ट कोणी केव्हा चालवली हे शोधताना जो घाम गाळावा लागतो, तो इथे गाळावा लागत नाही.

स्थानिक नेटवर्कवर चालवताना दोन गोष्टी कराव्या लागतात. सर्व्हर ‘लोकलहोस्ट’ या पत्त्यावर सुरू केला तर तो फक्त त्याच संगणकाला दिसतो, म्हणून पत्ता ०.०.०.० असा द्यावा. आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट खासगी नेटवर्कसाठी उघडावा. काट्यावरच्या फोनवरून चॅट उघडत नाही अशी तक्रार येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण या दोहोंपैकी एक असते.

मराठीत निरोप लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. निरोपाबरोबर पाठवणाऱ्याचे नाव, खोली (चॅटमधला स्वतंत्र गट) आणि वेळ पाठवायची असल्यामुळे जेसन ही माहिती मांडण्याची पद्धत वापरणे ओघाने येते, आणि पायथनचे जेसन मॉड्यूल जसेच्या तसे वापरले तर ते प्रत्येक देवनागरी चिन्हाचे सहा अक्षरी संकेतात रूपांतर करते. वर सांगितलेला २१ बाइटांचा ‘नमस्कार’ त्यामुळे ४२ बाइटांचा होतो. ब्राउझर तो बरोबर उलगडतो, म्हणून पडद्यावर काही बिघडलेले दिसत नाही. पण नोंदीची फाइल उघडून ‘वापसी’ हा शब्द शोधायला गेल्यास तो सापडत नाही, कारण तिथे नुसते आकडे, इंग्रजी अक्षरे आणि तिरप्या रेघा असतात. ‘एन्शुअर आस्की’ हा पर्याय बंद केला की दोन्ही अडचणी मिटतात. यात ‘वेबसॉकेट्स’चा काही दोष नाही. ती मजकूर नेहमी यूटीएफ-८ मध्येच पाठवते आणि सदोष बाइट आले तर १००७ या क्रमांकाने (बंद होण्याचे कारण सांगणाऱ्या संकेताने) जोडणी बंद करते, त्यामुळे जोडाक्षरे फुटली किंवा प्रश्नचिन्हे आली असा प्रकार या चॅटमध्ये कधी झाला नाही. अहिराणी, लेवा बोली आणि मध्येच हिंदी, असा सगळा मजकूर सुखरूप जातो.

या लायब्ररीवर माझा विश्वास खऱ्या अर्थाने बसला तो तिच्या पिंग-पाँगच्या (‘आहेस का’ असे विचारून ‘आहे’ हे उत्तर घेण्याच्या) सोयीमुळे. तापीकाठच्या बागांत मोबाइल एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, मध्येच सिग्नल शून्य होतो आणि जोडणी मरते. पण ती मेल्याचे कोणी कोणाला कळवत नाही. टीसीपीच्या दृष्टीने दोन्ही टोके आपापल्या जागी शांत बसलेली असतात, सर्व्हर त्या माणसाला हजर समजतो आणि त्याला पाठवलेला भाव हवेत विरून जातो. ‘वेबसॉकेट्स’ आपण न सांगता दर २० सेकंदांनी प्रत्येक जोडणीला पिंग पाठवते आणि २० सेकंदांत पाँग आला नाही तर जोडणी तोडते. म्हणजे मेलेली जोडणी फार तर ४० सेकंदांत उघडकीला येते. पिंगला उत्तर देण्याचे काम ब्राउझर स्वतःच करतो, त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये काही लिहावे लागत नाही. हे आकडे बदलता येतात, पण शेतातून येणाऱ्या जोडण्यांसाठी ते कमी करण्याचा मोह टाळावा. सिग्नल क्षीण असताना पाँगला उशीर होतो आणि जिवंत जोडणीही उगाच तुटते.

जोडणी तुटल्यावर ती पुन्हा जोडणे मात्र ब्राउझरकडून आपोआप होत नाही. ते काम जावास्क्रिप्टमध्ये आपल्यालाच लिहावे लागते, आणि लिहिताना प्रत्येक प्रयत्नामागे थोडा वाढता आणि थोडा अनियमित विराम ठेवावा. वीज जाऊन आली की सगळे ब्राउझर एकाच क्षणी सर्व्हरच्या दारात उभे राहतात, आणि सर्व्हर अजून पायथनच सुरू करीत असतो. लायब्ररीच्या पायथन क्लायंटमध्ये ही सोय अंगभूत आहे : जोडणी असिंक फॉर लूपमध्ये मागितली की तुटल्यावर ती वाढत्या विरामाने स्वतःच परत जोडली जाते.

पायथन क्लायंटचा इथे उल्लेख करण्याचे कारण म्हणजे काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याचा दर्शक सिरियल पोर्टवरून वजन देतो आणि ते वाचणारी छोटी पायथन आज्ञावली तेच वजन चॅटच्या ‘काटा’ या खोलीत निरोप म्हणून टाकते. सिरियल पोर्ट वाचणे हे थांबून राहण्याचे काम असल्यामुळे तिथे असिंक पद्धत अवघड पडते. त्यासाठी लायब्ररीत थ्रेडवर (स्वतंत्र धाग्यावर) चालणारा साधा अवतारही आहे. तो २०२३ मधील ११व्या आवृत्तीपासून मिळतो आणि त्यात आपोआप पिंग करण्याची सोय १५व्या आवृत्तीपासून आली. तो वापरला तर पुनर्जोडणीचा लूप मात्र हाताने लिहावा लागतो. ‘नाना, एमएचची गाडी लागली, साठ क्रेट भरले, बाकीचा माल चढवू का?’ अशा निरोपाच्या बरोबर खाली काट्याने स्वतः पाठवलेले वजन दिसते तेव्हा दिवाणजींना पावती मागवण्यासाठी कोणाला पळवावे लागत नाही. मालकांना या चॅटचा सर्वांत जास्त आवडलेला भाग हाच आहे.

ब्रॉडकास्ट फंक्शनविषयी दोन शब्द. सर्वांना निरोप वाटताना एकेकाला पाठवून त्याची पोच होईपर्यंत थांबलो, तर एका संथ जोडणीमुळे बाकी सारे खोळंबतात. ब्रॉडकास्ट असे थांबत नाही. निरोप प्रत्येकाच्या रांगेत टाकून मोकळे होते. संथ माणसाची रांग मेमरीत वाढत जाते हे खरे, परंतु त्याचे पाँगही उशिरा येत असल्याने वर सांगितलेली पिंगची मुदत त्याला यथाकाल बाहेर काढते. रचनेतला हा विचार नीट केलेला आहे. याउलट आपल्या हाताळणी-फंक्शनमध्ये आपणच थांबून राहणारे काम घातले तर लायब्ररी काहीही करू शकत नाही. पायथनच्या असिंकआयओ या असिंक पद्धतीच्या मॉड्यूलमध्ये सगळे एकाच धाग्यावर आळीपाळीने चालते. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये निरोप लिहिताना डिस्क रेंगाळली तर तेवढा वेळ सर्वांचे चॅट गोठते. पायथन ३.९ पासून असे काम वेगळ्या थ्रेडवर सोपवण्याची एका ओळीची सोय आहे, ती जरूर वापरावी.

आता तक्रार. नोव्हेंबर २०२४ च्या १४व्या आवृत्तीत लायब्ररीची जुनी असिंकआयओ रचना मागे पडली आणि नव्याने लिहिलेली रचना आपोआप लागू होणारी म्हणून आली. नवी रचना अधिक सुटसुटीत आहे याबद्दल वाद नाही. पण जुन्या काळी हाताळणी-फंक्शन दोन गोष्टी घेत असे, जोडणी आणि पत्ता. आता ते फक्त जोडणी घेते आणि पत्ता जोडणीच्या विनंतीतून वाचावा लागतो. महाजालावरचे शेकडो धडे, व्हिडिओ आणि क्लासच्या झेरॉक्स नोट्स अजून जुन्याच पद्धतीने शिकवतात. त्यांतला सर्व्हर उतरवून चालवला की तो सुरू होतो, ब्राउझर जोडला जातो आणि दुसऱ्या क्षणी १०११ या क्रमांकाने जोडणी तुटते. ब्राउझरमध्ये कारण दिसत नाही, ते सर्व्हरच्या खिडकीत शोधावे लागते. इव्हेंट लूप (कामे आळीपाळीने चालवणारे चक्र) हाताने मागवून सर्व्हर सुरू करण्याची जुनी रीतही आता चालत नाही. सर्व्हर असिंक फंक्शनच्या आतच सुरू करावा लागतो. बदल कसा करावा याचे मार्गदर्शन लायब्ररीच्या दस्तऐवजात व्यवस्थित दिलेले आहे, परंतु नवशिक्या माणूस दस्तऐवजाकडे शेवटी वळतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत बीसीए, एमसीएचे प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी धडा कोणत्या आवृत्तीचा आहे हे आधी पाहावे आणि आपल्या प्रकल्पात आवृत्तीचा क्रमांक नोंदवून ठेवावा.

दस्तऐवज एरवी उत्तम आहे, फक्त तो इंग्रजीत आहे. त्यातला मुख्य धडा चॅटचा नसून दोघांनी खेळण्याच्या ‘कनेक्ट फोर’ या सोंगट्यांच्या खेळाचा आहे, आणि तरीही चॅट करणाऱ्याने तो पूर्ण करावा अशी माझी शिफारस आहे. कारण खोली म्हणजे काय, निमंत्रणाच्या दुव्यावरून माणूस योग्य खोलीत कसा पोहोचतो आणि नुसते पाहणाऱ्याला काय पाठवायचे, हे सगळे प्रश्न त्या खेळात ओघाने सुटतात.

लायब्ररी जे देत नाही त्याची यादी मोठी आहे. निरोप आणणारा माणूस खरोखर कोण आहे हे ती ओळखत नाही. ब्राउझरच्या वेबसॉकेटला स्वतःचे हेडर जोडता येत नाहीत, त्यामुळे ओळखपत्र पहिल्या निरोपातून, पत्त्यातून किंवा कुकीतून पाठवावे लागते. पहिल्या निरोपाचा मार्ग मला सर्वांत स्वच्छ वाटतो, कारण पत्त्यातली गुप्त खूण नोंदींच्या फायलींत उघडी पडून राहते. चॅट इंटरनेटवर खुले करणार असाल आणि ओळख कुकीने पटवणार असाल, तर वेबसॉकेटला ब्राउझरचा ‘एकाच मूळ स्थळाचा’ नियम लागू होत नाही हे ध्यानात ठेवावे. कोणतेही परके पान आपल्या सर्व्हरशी जोडणी मागू शकते. परवानगी असलेल्या स्थळांची यादी देण्याची सोय लायब्ररीत आहे, ती वापरली की अशा विनंत्या दारातच परत जातात. आलेला निरोप पानावर दाखवताना तो एचटीएमएल म्हणून न घालता निव्वळ मजकूर म्हणूनच घालावा, अन्यथा एखादा खोडकर माणूस निरोपातून स्क्रिप्ट पाठवू शकतो. निरोपांचा इतिहास, न वाचलेल्यांची मोजणी, ‘टाइप करीत आहे’ अशी खूण, यांपैकी काहीही आयते नाही. एकापेक्षा जास्त प्रक्रिया चालवायच्या झाल्या तर एका प्रक्रियेतला संच दुसरीला दिसत नाही, मग मध्ये रेडिससारखा निरोप्या बसवावा लागतो. एका कचेरीला त्याची गरज पडत नाही.

छायाचित्रांचा मुद्दा वेगळा सांगावा लागेल, कारण केळीच्या धंद्यात घडाचे छायाचित्र हा निरोपाचाच भाग असतो. लायब्ररी मुळात एक मेबीबाइट, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांपेक्षा मोठा निरोप स्वीकारत नाही आणि तसा आल्यास १००९ या क्रमांकाने जोडणी बंद करते. देवनागरी मजकुरासाठी ही मर्यादा जवळपास साडेतीन लाख चिन्हांची आहे, तेव्हा मजकुराची चिंता नको. पण आजच्या फोनने काढलेले छायाचित्र तीन-चार पट मोठे असते, आणि ते पाठवू पाहणारा माणूस थेट चॅटबाहेर फेकला जातो. मर्यादा वाढवणे एका आकड्याचे काम आहे, तरीही ते करू नये. छायाचित्र साध्या एचटीटीपी मार्गाने चढवावे आणि चॅटमध्ये त्याचा दुवा पाठवावा. मोठा निरोप जात असताना त्याच जोडणीवरचे छोटे निरोप मागे अडकतात, आणि गाडी दारात उभी असताना तो उशीर परवडत नाही.

आवाराबाहेरच्या बागांसाठी चॅट इंटरनेटवरही नेले तर पान एचटीटीपीएसवर असणे आवश्यक ठरते आणि मग जोडणीही सुरक्षित प्रकारचीच लागते. सुरक्षित पानावरून असुरक्षित वेबसॉकेट उघडण्यास ब्राउझर नकार देतो. पुढे एनजिंक्स हा मध्यस्थ वेब सर्व्हर ठेवल्यास अपग्रेडची दोन हेडर त्याला स्पष्टपणे पुढे पाठवायला सांगावी लागतात. एनजिंक्स ६० सेकंद शांत राहिलेली जोडणी आपणहून तोडतो, पण लायब्ररीची २० सेकंदांची पिंग मध्ये वाहत असल्याने तो प्रश्न बहुधा उद्भवतच नाही.

पर्यायांपैकी फास्टएपीआय (पायथनचे वेब फ्रेमवर्क) हा ज्यांना त्याच सर्व्हरवर संकेतस्थळाची पाने आणि डेटाबेसचे व्यवहारही हवे आहेत त्यांच्यासाठी अधिक सोयीचा. गंमत अशी की तो ज्या युव्हिकॉर्न सर्व्हरवर चालवतात, त्याच्या नेहमीच्या पूर्ण मांडणीत वेबसॉकेटचे काम हीच लायब्ररी करते. जँगो हे दुसरे फ्रेमवर्क आधीच वापरात असेल तर त्याचे चॅनल्स घ्यावे, वापरकर्त्यांची नोंदणी आणि परवानग्या तिथे तयार मिळतात. फ्लास्क-सॉकेटआयओमध्ये खोल्या आणि पुनर्जोडणी आयत्या आहेत, आणि घाईत प्रकल्प दाखवायचा असेल तर तो वाईट नाही. मात्र सॉकेटआयओ हा वेबसॉकेटच्या वर रचलेला स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, त्यामुळे ब्राउझरचा साधा वेबसॉकेट त्याच्याशी बोलू शकत नाही, त्यासाठी त्यांचीच जावास्क्रिप्ट लायब्ररी लागते. काट्यासारखे छोटे यंत्र जोडायचे असेल तर ही अट जाचक ठरते.

आमच्या चॅटला ‘वेबसॉकेट्स’ पुरेशी आहे आणि ती बदलण्याचा विचार नाही. सध्या फक्त इतिहास दाखवण्याचे काम बाकी आहे : खोलीत शिरताच आजचे निरोप आणि कालची शेवटची भावपत्रिका दिसावी, एवढी दिवाणजींची मागणी आहे, आणि ती एसक्यूलाइटच्या एका तक्त्यातून भागेल. वीज परत आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये संगणक सुरू होताना चालणारे कार्य घालून ठेवले आहे. त्यात लॅपटॉप बॅटरीवर असताना कार्य सुरू न करण्याची जी खूण मुळातच लावलेली असते, ती काढायला विसरू नये.